जिम्नी आणि जिप्सीला व्हील स्पेसर बसवताना

मारुतीची जिप्सी किंवा २०२३ साली आपल्याकडे आलेली पाच दारांची जिम्नी घेऊन जे सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जातात, त्यांच्या मनात गाडीची चाके थोडी बाहेर काढण्याचा विचार कधी ना कधी येतोच. दोन्ही गाड्या अंगाने अरुंद आहेत. झाडीतून वाट काढताना हा अरुंदपणा कामाला येतो, पण आडव्या उतारावर गाडी एका बाजूला झुकू लागली की तोच भीतीचे कारण ठरतो. शिवाय मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले, तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरची आतली कड जिम्नीत ॲक्सल धरणाऱ्या आर्मला आणि जिप्सीत पाट्याला घासू लागते. चाक आणि हब, म्हणजे चाक ज्यावर आवळले जाते तो ॲक्सलच्या टोकाचा फिरणारा भाग, यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती बसवून चाक बाहेर सरकवणे हा या अडचणींवरचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे आणि या चकतीलाच व्हील स्पेसर म्हणतात. काम एका दुपारचे आहे आणि घरच्या अंगणात करता येते. मात्र ते करण्यापूर्वी चाक गाडीला नेमके कशाने धरलेले असते, हे समजून घेणे अत्यावश्यक आहे.

चाक स्टडवर, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या आटे पाडलेल्या दांड्यांवर, लटकलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, ताणलेल्या रबराप्रमाणे तो परत आखडू पाहतो आणि त्या ओढीने रिमची मागची सपाट बाजू हबवर दाबली जाते. जिम्नीच्या १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडला कोरड्या आट्यांवर १०० न्यूटन-मीटर एवढा पीळ दिला, तर ढोबळ हिशेबाने प्रत्येक स्टड सुमारे चार टनांच्या जोराने रिमला ओढून धरतो. पाचही स्टडचा मिळून हा दाब वीस टनांच्या आसपास जातो. गाडीचे वजन, ब्रेकचा जोर आणि दगडावरून उतरताना बसणारे धक्के या दाबातून निर्माण होणाऱ्या घर्षणाने पेलले जातात. हा दाब कमी झाला की रिम केसाएवढी सरकू लागते, सरकणाऱ्या रिममुळे स्टड दर फेरीला वाकतो आणि सरळ होतो, आणि वाकवत राहिलेली तार जशी अखेर तुटते तसा तो तुटतो. स्पेसरमुळे चाक निखळल्याचे जे प्रकार ऐकू येतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी चकतीचा दोष नसून हरवलेला दाब असतो. पुढे सांगितलेली स्वच्छता, मापे, आवळण्याचा क्रम, पुन्हा पुन्हा करायची तपासणी ही सगळी खबरदारी हा दाब मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठीच आहे.

किती मिळते आणि काय द्यावे लागते

जिम्नीचा ट्रॅक, म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांच्या मध्यांमधील अंतर, पुढे १३९५ आणि मागे १४०५ मिलिमीटर आहे. प्रत्येक चाकामागे २५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की ही मापे १४४५ आणि १४५५ होतात. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटर उंचीवर आहे असे हिशेबापुरते धरले, तर स्प्रिंग आणि टायर दबण्याचा परिणाम वगळून उभी गाडी ज्या आडव्या कोनावर कलंडेल, तो कोन सुमारे ४५ अंशांवरून ४६ अंशांवर जातो. फायदा साधारण एका अंशाचा आहे. गाडी ५० मिलिमीटर उंच केली, तर त्यात गमावलेल्या जवळपास दोन अंशांपैकी एक अंश स्पेसर परत मिळवून देतो, असेही म्हणता येईल. ज्यांना स्पेसर घातल्यावर गाडी उलटणारच नाही असे वाटते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. जिप्सीच्या बाबतीत तर खुद्द कंपनीने १९९३ मध्ये ट्रॅक ९० मिलिमीटरने वाढवून पुढे १३०० आणि मागे १३१० केला होता. पण त्यासाठी तिने चकत्या घातल्या नाहीत, ॲक्सलच रुंद केले. या दोन मार्गांतला फरक मोलाचा आहे.

फरक बेअरिंगवर पडतो. चाक २५ मिलिमीटर बाहेर गेले की चाकावरचे वजन बेअरिंगपासून तेवढेच दूर जाते. भरलेल्या जिम्नीच्या एका चाकावर सुमारे ३८० किलो भार धरला, तर गाडी उभी असतानाच बेअरिंगवर ९० न्यूटन-मीटरहून अधिक जादा वाकवणारा जोर येतो, आणि खड्ड्यात आदळताना तो कितीतरी पटींनी वाढतो. पुढच्या ॲक्सलवर आणखी एक परिणाम होतो. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या किंगपिनपासून टायरचा मध्य दूर गेल्यामुळे दगडावर टायर आपटला की स्टिअरिंगला पूर्वीपेक्षा जोराचा हिसका बसतो, किंगपिनची बेअरिंगे लवकर झिजतात आणि ती आधीच सैल असतील तर विशिष्ट वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. म्हणून पुढचे चाक उचलून, वर आणि खाली हात धरून ते हलवून पाहावे. खटखट जाणवली तर आधी बेअरिंगचे काम करावे आणि मगच स्पेसरचा विचार करावा.

माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांना नव्या रिम घ्यायच्याच आहेत त्यांनी स्पेसर घेऊ नये. जिम्नीच्या मूळ रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचे मिलिमीटरमधील अंतर, अधिक ५ आहे. त्यावर २५ मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे उणे २० ऑफसेटची रिम. बेअरिंगला दोन्ही सारखेच, पण रिमच्या पर्यायात एक सांधा कमी असतो आणि जो सांधा नाही तो सैल होत नाही. मूळ रिमच वापरायच्या असतील किंवा खर्च आवाक्यात ठेवायचा असेल, तर चांगला स्पेसर नीट बसवणे हा स्वीकारण्याजोगा मार्ग आहे.

स्पेसर निवडताना

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार म्हणजे नुसती छिद्रे पाडलेली पातळ चकती, जी मूळ स्टडवर सरकवायची आणि त्याच स्टडवर चाक आवळायचे. दुसऱ्या प्रकारात जाड स्पेसर स्वतःच्या नटांनी हबला आवळला जातो आणि त्याच्यात बसवलेल्या नव्या स्टडवर चाक लागते. पहिल्या प्रकारात चकतीच्या जाडीएवढे आटे नटाला कमी मिळतात. नटाने स्टडच्या व्यासाएवढ्या लांबीचे आटे तरी धरावेत, हा सर्वमान्य नियम आहे; जिम्नीच्या १२ मिलिमीटर व्यासाच्या आणि १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांवर त्याचा अर्थ जवळपास दहा पूर्ण फेरे असा होतो. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये माझ्या जिप्सीला १० मिलिमीटरच्या अशा चकत्या मूळ स्टडवरच बसवल्या गेल्या होत्या. ऐन पावसाळ्यात ताम्हिणीचा घाट उतरताना स्टिअरिंगमध्ये एक मंद हेलकावा जाणवू लागला, म्हणून गाडी बाजूला घेतली, तर पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट हातानेच फिरत होते आणि रिमची छिद्रे लांबट झाली होती. उरलेल्या दोनपैकी एक नट काढून फेरे मोजले, तेव्हा ते पुरते पाचही भरले नाहीत. तेव्हापासून मी लांब स्टड टाकल्याशिवाय अशी चकती वापरू नका, असे प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

दुसऱ्या प्रकारचा स्पेसर सहसा २० ते २५ मिलिमीटरपेक्षा पातळ करता येत नाही, कारण त्याच्या पोटात नटांना जागा लागते. तो विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. त्याची घडण ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ दर्जाच्या ॲल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कोरून किंवा घडवून झालेली असावी; ओतीव ॲल्युमिनियमचा स्पेसर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. स्टडवर १०.९ हा दर्जा कोरलेला असावा. छिद्रांचे वर्तुळ १३९.७ मिलिमीटरचे आणि छिद्रे पाच असावीत. चौथी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, ती म्हणजे मधल्या छिद्राचे माप. जिम्नी आणि जिप्सीच्या रिमचे मधले छिद्र १०८ मिलिमीटरचे आहे; स्पेसरचे आतले छिद्र हबवर नेमके बसावे आणि बाहेरच्या बाजूला रिमसाठी त्याच मापाचा काठ असावा. असा स्पेसर आपोआप मध्यावर येतो. सैल छिद्राचा स्पेसर केवळ नटांच्या भरवशावर मध्य शोधतो आणि तो किंचित जरी चुकला, तर साठच्या वेगाला गाडी थरथरू लागते. जिप्सीला पुढे हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब (पुढची चाके ॲक्सलला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे) असतील, तर ते स्पेसरच्या छिद्रातून मोकळेपणाने बाहेर येतात की नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

दोन स्पेसर एकावर एक लावू नयेत आणि एका ॲक्सलवर डावीकडे एक जाडी व उजवीकडे दुसरी असे कधीही करू नये.

बसवण्याआधीचे मापन

पॅकेट उघडल्याबरोबर पाने हातात घेण्याची घाई करू नये. एक चाक काढावे आणि व्हर्नियरच्या खोली मोजणाऱ्या पट्टीने, ज्या सपाट बाजूवर स्पेसर टेकणार आहे तिथपासून मूळ स्टडच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. ही लांबी स्पेसरच्या जाडीपेक्षा कमी असेल तर अडचण नाही. जास्त असेल तर स्टडची टोके स्पेसरबाहेर डोकावतील आणि रिमच्या मागच्या बाजूला त्या जागी खोलगट भाग नसेल, तर रिम स्पेसरवर न टेकता या टोकांवर टेकेल. नट मात्र घट्ट लागल्यासारखे वाटतील, आणि यात मोठा धोका आहे. खात्री करण्यासाठी स्टडच्या टोकांवर मळलेल्या कणकेचे छोटे गोळे लावून चाक हलकेच आवळावे आणि काढून पाहावे. कणीक पूर्ण पिळली जाऊन स्टडचे टोक उघडे पडले असेल, तर तो स्पेसर त्या रिमसाठी नाही. स्टड कापून जागा करण्याचा सल्ला काही जण देतात. मी तो देणार नाही, कारण पुढे कधी स्पेसर काढला तर कापलेल्या स्टडवर मूळ चाक सुरक्षितपणे लागत नाही.

प्रत्यक्ष बसवणी

गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी, चारचाकी जोडणी लो रेंजमध्ये टाकून पहिला गिअर घालावा, हँडब्रेक ओढावा आणि जे चाक उचलायचे नाही त्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करावेत. या गाड्यांना दोन्हीकडे सलग ॲक्सल असल्याने जॅक ॲक्सलखाली लावावा. चॅसिसखाली लावला तर चाक सुटण्याआधी गाडी उगाच उंच उचलावी लागते. जॅकने उचलल्यावर ॲक्सलखाली स्टँड दिल्याशिवाय पुढच्या कामाला हात लावू नये.

चाक निघाल्यावर समोर दिसणाऱ्या धातूवर जी तपकिरी पापडी आणि लाल मातीचा थर असतो, तो पूर्णपणे काढणे हे या साऱ्या कामातील सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे काम आहे. गंजाचा थर आवळताना दबत नाही; तो शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर चुरतो आणि जेवढा तो चुरला तेवढा स्टडचा ताण उतरतो. तारेच्या ब्रशने आणि बारीक सँडपेपरने हबची सपाट बाजू, मधल्या उंचवट्याची कड आणि स्टडची मुळे चकचकीत होईपर्यंत घासावीत, मग कोरड्या फडक्याने पुसावीत. मागच्या ड्रमला धरून ठेवण्यासाठी स्टडवर पत्र्याच्या पातळ चकत्या किंवा क्लिपा असतील तर त्या काढून टाकाव्यात, कारण त्यांच्यामुळे स्पेसर तरंगत राहतो. मागच्या बाजूला ड्रमही हब आणि स्पेसर यांच्यामध्ये दाबला जातो, तेव्हा ड्रम सुटत असेल तर तो काढून त्याची मागची बाजूही साफ करावी. रिमच्या मागच्या बाजूला रंगाचे जाड थर असतील, तर तेही घासावेत.

आता स्पेसर नुसत्या हाताने हबवर बसवावा. तो सहज आणि शेवटपर्यंत जायला हवा, चारही बाजूंनी दाबून पाहिले तर तो डुगडुगता कामा नये. ठोकून बसवावा लागत असेल तर कुठेतरी गंज किंवा ओरखडा राहिला आहे. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्या हवेत एकमेकांना चिकटून बसतात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत तर एका पावसाळ्यात. म्हणून फक्त मधल्या छिद्राच्या कडेला अँटी-सीझ ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. सपाट बाजूंना आणि आट्यांना ते लावू नये. आटे तेलकट असले की त्याच पिळात स्टड नेमून दिल्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो, कारण टॉर्कचा, म्हणजे पिळाचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो.

स्पेसरचे नट आधी हाताने पूर्ण फिरवून घ्यावेत. मग एक नट सोडून पुढचा, या क्रमाने म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा असे आवळावेत: पहिल्या फेरीत ३० न्यूटन-मीटर, दुसरीत ६० आणि तिसरीत स्पेसर बनवणाऱ्याने दिलेल्या अंतिम आकड्याएवढे. चाक हवेत असल्यामुळे हब फिरेल, तेव्हा एका माणसाने आत बसून ब्रेक दाबून धरावा. हवेच्या दाबावर चालणारी गन वापरू नये; ती पाचपैकी एक नट ७० वर आणि दुसरा २०० वर नेऊन ठेवते आणि बाहेरून दोन्ही सारखेच घट्ट दिसतात. हे काम टॉर्क पान्यानेच करावे. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी स्पेसर घेण्याआधी तो घ्यावा. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून स्पेसरवर जाणारी रंगाची एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या तपासणीत नट हलला असेल तर रेघ तुटलेली दिसेल. आटे चिकटवणारे द्रव काही स्पेसरच्या सूचनेत सांगितलेले असते; ते लावायचेच असेल तर पहिली फेरतपासणी झाल्यानंतर नट एकेक करून सोडून लावावे, कारण घट्ट झालेला चिकटा पुन्हा आवळताना मोडतो.

मग चाक चढवावे, नटाचा निमुळता भाग रिमच्या खोलगट बैठकीशी जुळतो याची खात्री करावी, त्याच क्रमाने हलके आवळावे, गाडी खाली उतरवावी आणि टायर जमिनीला टेकल्यावर शेवटची फेरी करावी. जिम्नीसाठी हा आकडा १०० न्यूटन-मीटर आहे. जिप्सीसाठी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा धरावा. चारही चाके झाल्यावर गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. मग एक चाक मोठ्या दगडावर चढवून, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दाबून, तेच पुन्हा करावे. आतल्या बाजूला जागा वाढलेली असते, पण बाहेर सरकलेला टायर वळताना अधिक मोठे वर्तुळ घेतो आणि बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या काठाला लागू शकतो. २१५/७५ आर १५ हे टायर मूळ १९५/८० आर १५ पेक्षा व्यासाने केवळ १० मिलिमीटर मोठे आहेत, तरीही स्पेसरसह ही तपासणी टाळू नये.

फेरतपासणी

पहिले ५० ते ८० किलोमीटर गाडी सडकेवरच, मध्यम वेगाने चालवावी. त्यानंतर चाके काढून आतल्या नटांचा टॉर्क पाहावा. येथेच बहुसंख्य लोक चुकतात: बाहेरचे नट तपासतात आणि आतले, जे चाकामागे झाकलेले असतात, ते तसेच राहतात. पुढे ५०० किलोमीटरवर, मग दर ५००० किलोमीटरवर आणि खडकाळ वाटेवरच्या प्रत्येक दिवसानंतर हे करावे. नटाभोवती विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली, वळताना टकटक ऐकू आली किंवा स्टिअरिंगमध्ये नवा हेलकावा आला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे न म्हणता तिथेच थांबावे. एक जरी स्टड तुटलेला आढळला, तर त्या चाकाचे पाचही स्टड बदलावेत, कारण उरलेल्या चौघांनी त्याचा भार वाहिलेला असतो.

कायद्याची बाजूही सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापासून गाडी वेगळी ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून स्पेसर बसवण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. खाजगी जागेवर किंवा स्पर्धेत गाडी चालवणाऱ्यांनी स्पर्धेची नियमावली पाहावी. टायर मडगार्डच्या बाहेर राहून मागच्या गाडीवर चिखल आणि खडे उडणार असतील, तर मडगार्डला रुंद पट्ट्या लावणे हे आपले कर्तव्य आहे.

पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा स्पेसर पूर्ण काढावेत. चिकटलेला स्पेसर लोखंडी हातोड्याने ठोकू नये. नट दोन फेरे सैल ठेवून रबरी हातोड्याने कडेवर आळीपाळीने मारले की तो सुटतो. काढल्यावर त्याची मागची बाजू उजेडात धरावी. हबचा ठसा सगळीकडे सारखा आणि मंद उमटला असेल, तर दाब वर्षभर टिकला होता असे समजावे. छिद्रांभोवती काळसर, घासल्यासारखे चट्टे किंवा चकाकणारे चंद्रकोरीसारखे ओरखडे दिसले, तर तिथे धातू सरकत होता. अशा वेळी छिद्रांच्या कडांपासून निघणाऱ्या केसाएवढ्या भेगा भिंगाने शोधाव्यात, आणि एकही भेग सापडली तर तो स्पेसर कोणालाही न विकता, न देता भंगारात टाकावा.